दाराच्या फटीतून

भाचा दिवाळीच्या सुट्टीत आला होता. जेवणं उरकल्यावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला, तेव्हा मी सहज डोकावले. पडद्यावर बारके बारके चौकोन, प्रत्येक चौकोनात एक जागा आणि तिथे कुणीतरी आपल्याच तंद्रीत. "हे कोण रे सगळे?" विचारलं तर म्हणाला, "मावशी, ही माकडं. यांना खायला घालायचं नाही, नुसतं बघत बसायचं." मी नाक मुरडलं. अर्ध्या तासाने मीच त्याच्या खांद्यावरून म्हणत होते, "अरे, मघाच्या त्या चौकोनात जा ना परत. फोनवर कुणाशी बोलतेय ती?"

त्या गेमचं नाव 'डू नॉट फीड द मंकीज'. माद्रिदच्या फिक्टिओरामा स्टुडिओने तो २०१८ मध्ये आणला. तुम्ही एका कोंदट भाड्याच्या खोलीत राहता आणि एका गुप्त क्लबचे सभासद असता. हा क्लब छुप्या कॅमेऱ्यांना 'पिंजरे' म्हणतो आणि त्यात दिसणाऱ्या माणसांना 'माकडं'. नियम एकच, बघा पण मध्ये पडू नका. सभासदत्व टिकवायचं तर मुदतीत पिंजरे वाढवावे लागतात आणि ते विकत घ्यावे लागतात. इकडे घरभाडं थकतं, पोटात भूक असते, डोळ्यांवर झोप. पैसे मिळवायचे तर किरकोळ कामं करा. किंवा क्लब विचारेल ती माहिती पुरवा. किंवा जे पाहिलं त्याच्या जोरावर त्या माणसालाच फोन करून पैसे उकळा. मदतही करता येते, पण ती सुचते तेव्हा घरमालकीण दारात उभी असते.

त्यानंतर या जातीचे चार-पाच गेम मी स्वतः खेळले. मुलं असे गेम खेळतात म्हणून धास्तावलेल्या पालकांसाठी आणि स्वतः खेळून पाहावं असं वाटणाऱ्या मोठ्यांसाठी हा लेख आहे. माझा अनुभव थोडक्यात सांगायचा तर, हे गेम आपल्याला सरावाची गोष्ट दाखवतात. पहिल्या संध्याकाळी जे करताना हात अडखळतो, ते चौथ्या संध्याकाळी चहाचे घोट घेता घेता होतं. तो फरक पकडायला शिकलात, तर घातलेला वेळ सत्कारणी लागला म्हणायचा.

जुनी खोड

कॅमेऱ्यातून परक्या घरात बघायला लावणारे गेम नवे नाहीत. 'नाइट ट्रॅप' हा गेम १९९२ मध्ये सेगा सीडीवर आला. त्याचं चित्रीकरण खऱ्या नटनट्यांना घेऊन १९८७ मध्येच झालं होतं. एका घरातल्या आठ ठिकाणचे कॅमेरे तुमच्या हातात, आणि तिथे आलेल्या मुलींना हल्लेखोरांपासून वाचवायचं काम तुमचं. ९ डिसेंबर १९९३ रोजी अमेरिकेच्या सिनेटमध्ये गेममधल्या हिंसेवर सुनावणी झाली, तीत या गेमवर जोरदार टीका झाली. त्याच गदारोळातून १९९४ मध्ये गेमना वयाप्रमाणे शिक्का देणारं 'ईएसआरबी' मंडळ उभं राहिलं. भांडण मुख्यतः मुलींवर होणाऱ्या हल्ल्यांवरून होतं. तासन् तास दुसऱ्याच्या घरात डोळे लावून बसणाऱ्याचं काय होतं, हा प्रश्न त्या गेमलाही पडला नव्हता.

२०१४ च्या 'वॉच डॉग्ज'मध्ये शिकागोच्या रस्त्यावर कुणाकडेही फोन रोखला, की त्याचा धंदा, कमाई आणि एखादी खासगी गोष्ट एका ओळीत दिसते. वाचायचं, जमलं तर त्याच्या खात्यातले पैसे काढायचे आणि पुढे चालायचं. गर्दी एवढी असते की कुणाचंच काही लक्षात राहत नाही. सरावाचा मासला म्हणून हा गेम बघण्यासारखा आहे, पण बघणाऱ्याकडून हिशेब मागणारे गेम वेगळे.

कोणते खेळावेत, कोणत्या क्रमाने

सुरुवात 'पेपर्स, प्लीज'पासून करा. लुकस पोप यांचा हा गेम २०१३ मध्ये आला. त्यात चोरून बघणं नाही, सगळं समोरासमोर आहे. म्हणूनच तो पहिला. १९८२ साल, अर्स्टॉट्झका नावाचा काल्पनिक देश, त्याच्या सीमेवरची तपासणी चौकी. एकेक माणूस कागद पुढे सरकवतो, तुम्ही शिक्का मारता. माणसागणिक पैसे, आणि त्या पैशांत घरचं भाडं, जेवण, ऊब आणि औषध भागवायचं. एक जोडपं येतं. नवऱ्याचे कागद चोख. तो जाता जाता सांगतो की मागून बायको येतेय, तिला सांभाळून घ्या. बायको येते, पण तिच्याकडे प्रवेशाचा परवाना नसतो. परत पाठवलं तर मारतील, म्हणते.

या गेमची खरी मेख दंडाच्या नियमात आहे. दिवसातल्या पहिल्या दोन चुकांना नुसती ताकीद मिळते, पैसे कापले जातात ते तिसरीपासून. मी त्या बाईला आत सोडलं आणि मनात फार बरं वाटलं. मग लक्षात आलं, तोवर माझी त्या दिवशी एकही चूक झालेली नव्हती. दोन चुका आधीच झाल्या असत्या तर? दुसऱ्या दिवसापासून मी चक्क दयेचा कोटा राखून ठेवायला लागले. रोज दोन माणसं, फुकटात. तिसऱ्याची कहाणी कितीही खरी वाटली तरी माझी नजर घड्याळाकडे जायची.

दुसरा 'ऑरवेल'. हॅम्बुर्गच्या ऑस्मॉटिक स्टुडिओजने तो २०१६ मध्ये पाच भागांत काढला. एका काल्पनिक राष्ट्राच्या राजधानीत, चौकात बॉम्बस्फोट होतो. तुम्ही परदेशात बसून सरकारच्या एका टेहळणी यंत्रणेसाठी संशयितांचे मेसेज, फोन, डॉक्टरांच्या नोंदी चाळता. उपयोगी वाटणारी वाक्यं उचलून त्या माणसाच्या खात्यात टाकायची. वर एक सल्लागार बसलेला असतो. त्याला फक्त तुम्ही टाकलेलं दिसतं, मागचा-पुढचा संदर्भ नाही. आणि टाकलेलं परत काढता येत नाही. दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध असतील तर एकच निवडायची, दुसरी कायमची बाद.

तिसरा 'बिहोल्डर'. सायबेरियातल्या बर्नाउल शहरातल्या वॉर्म लॅम्प गेम्सचा, हाही २०१६ चा. तुम्ही कार्ल श्टाइन, सरकारने नेमलेला इमारतीचा व्यवस्थापक. झोप लागू नये म्हणून तुम्हाला औषध दिलेलं असतं. किल्लीच्या भोकातून बघा, भाडेकरू बाहेर गेला की त्याच्या खोलीत कॅमेरा बसवा, कपाटं उचका, अहवाल लिहा. वरून फर्मानं येत राहतात आणि काल चालणारी वस्तू आज बेकायदा होते. घरी बायको आना, शिकणारा मुलगा पॅट्रिक आणि धाकटी मार्था. मार्था आजारी पडते, औषध महाग असतं. त्याच वेळी समोरच्या भाडेकरूच्या कपाटात अशी एक वस्तू सापडते, की धमकीचं एक पत्र लिहिलं तर पैसे नक्की मिळणार.

माकडांचा गेम शेवटी ठेवा. त्यात विनोद आहे, काही पिंजरे अगदी वेडगळ आहेत, आणि हसता हसताच आपण सैल पडतो. आधीचे तीन गेम खेळून झाले असतील तर तो सैलपणा जाणवतो.

एवढा वेळ नसेल तर 'अ नॉर्मल लॉस्ट फोन' बघा. फ्रान्समधल्या ॲक्सिडेंटल क्वीन्सचा २०१७ चा हा गेम दोन-तीन तासांत, मोबाइलवरच संपतो. सापडलेला फोन उघडून त्याच्या तरुण मालकाचे मेसेज वाचत जायचे, पासवर्ड ओळखायचे. गोष्ट कळून झाल्यावर शेवटची कृती एकच उरते, फोनमधलं सगळं पुसून टाकणं. पुसताना बोट जरा थबकतं. इतकं सगळं वाचण्याचा हक्क आपल्याला कुणी दिला होता, हे तोवर कुणी विचारलेलं नसतं.

खेळताना पाळायचे नियम

पहिला नियम: निर्णय फिरवू नका. मागे सेव्ह केलेल्या जागी जाऊन 'चांगला' शेवट मिळवायची सोय अनेक गेममध्ये असते. पहिल्या फेरीत ती वापरू नका. इंटरनेटवर शेवट शोधू नका. 'पेपर्स, प्लीज'ला वीस शेवट आहेत. ते सगळे जमवायचे असतील तर दुसऱ्या खेपेला. पश्चात्ताप एका बटणावर पुसता येतो हे कळलं, की निर्णयाला वजन राहत नाही.

दुसरा नियम: शेजारी वही ठेवा आणि तीन रकाने आखा. पाहिलं, लावलं, किंमत. डोळ्यांना दिसलं ते पहिल्यात. त्यावरून आपण जो अर्थ लावला तो दुसऱ्यात. आणि त्या अर्थाची किंमत कोण मोजणार ते तिसऱ्यात. समजा, एका मुलीने मैत्रिणीला लिहिलं, 'आज बॉस परत ओरडला, एक दिवस ऑफिसच पेटवून देते बघ.' पाहिलं काय? वैतागलेल्या मुलीचा एक मेसेज. लावलं काय? 'जाळपोळ करण्याची धमकी.' हे वाक्य एकटंच उचलून वर पाठवलं, तर वाचणाऱ्याला तिचा वैताग दिसत नाही, हसू दिसत नाही, मैत्रिणीचं उत्तर दिसत नाही. वाक्य तिचंच असतं, शब्दही तिचेच. खोटं असं काहीच नसतं, आणि तरी चित्र खोटं असतं. 'ऑरवेल' खेळताना दुसरा रकाना पहिल्यापेक्षा लांब व्हायला लागला, की तिथे थांबा.

हा रकाना काल्पनिक नाही. पूर्व जर्मनीच्या स्टाझी या गुप्त पोलीस खात्यात १९८९ मध्ये सुमारे ९१ हजार पगारी माणसं होती आणि त्यांच्या जवळपास दुप्पट खबरी. जानेवारी १९९२ पासून लोकांना आपापल्या फायली बघता येऊ लागल्या. खासदार फेरा वोलेनबर्गर, पुढच्या फेरा लेंग्सफेल्ड, यांना कळलं की आपली माहिती पुरवणारा 'डोनाल्ड' म्हणजे आपलाच नवरा. फायलीतल्या कित्येक नोंदी म्हणजे कोण घरी आलं, काय बोललं, कधी गेलं, इतकंच. 'बिहोल्डर'मध्ये अहवाल लिहिताना हे आठवलं, की कार्लची खुर्ची टोचायला लागते.

तिसरा नियम: वेळ मोजा. पहिल्यांदा एखाद्याचं खासगी पत्र उघडताना किती सेकंद थांबलात, ते वहीत लिहा. विसाव्या पत्रालाही लिहा. माझ्या वहीत पहिल्या दिवशी 'उठून पाणी पिऊन आले' अशी नोंद आहे. तिसऱ्या दिवशी नोंदच नाही, कारण थांबलेच नव्हते. खेळाने तुम्हाला काय केलं हे या एका आकड्यात जितकं कळतं, तितकं शेवटच्या गुणांत कळत नाही.

चौथा नियम: 'नाइलाज' हा शब्द मोजा. यातल्या बऱ्याच गेमची रचना सारखी आहे. आधी तुम्हाला गरजू करायचं, मग मोह दाखवायचा. भाडं, आजारी मूल, गारठलेलं घर. म्हणजे प्रत्येक वाईट कामाला घरचं एक चांगलं कारण तयारच असतं. जितक्या वेळा मनात 'काय करणार, नाइलाज आहे' आलं, तितक्या रेघा मारा. मग प्रत्येक रेघेपाशी बघा, दुसरा मार्ग खरंच नव्हता की महाग होता. माझ्या 'बिहोल्डर'च्या वहीत अकरा रेघा होत्या. त्यातल्या चार खऱ्या. बाकी सात ठिकाणी मला थोडं कमी पैसे मिळवून भागवता आलं असतं.

पाचवा नियम: गेम कुठे हातचलाखी करतो तेही टिपा. दोनच पर्याय देऊन दोन्ही वाईट ठेवायचे आणि मग खेळणाऱ्याला अपराधी वाटायला लावायचं, ही लेखकाची सोय आहे. खऱ्या आयुष्यात तिसरा पर्याय बहुतेक वेळा असतो. कुणाला तरी विचारणं, नोकरी सोडणं, उशीर करणं. गेममध्ये ते बटण नसेल तर दोष तुमचा नाही. पण बटण असूनही ते तुम्हाला दिसलं नसेल, तर ते दुसऱ्या फेरीत शोधा.

आणि एक गोष्ट मोकळेपणाने सांगते. मुद्दाम दुष्ट होऊन खेळायलाही हरकत नाही. पडद्यावरची माणसं चित्रं आहेत, त्यांना काही दुखत नाही. बाहेर जे कधी करणार नाही ते करून बघायला हीच जागा आहे. फक्त ती फेरी दुसरी असू द्या. पहिल्या फेरीत तुम्ही जसे आहात तसेच खेळा.

मुलांबरोबर खेळताना

हे गेम लहान मुलांसाठी नाहीत. 'पेपर्स, प्लीज'मध्ये अंगझडतीच्या यंत्रातली उघडी चित्रं येतात. ती झाकायची सोय गेममध्येच दिलेली आहे, ती वापरा. 'बिहोल्डर' आणि माकडांच्या गेममध्ये मरण, व्यसन, मोठ्यांचे संबंध असे विषय आहेत. माझ्या मते दहावीनंतर, आणि पहिल्यांदा तरी कुणी मोठं सोबत असताना.

सोबत बसलात तर प्रवचन देऊ नका. 'बघ, असं करणं वाईट' म्हटलंत, की मुलगा तुम्हाला खूश करणारं बटण दाबायला लागतो आणि खेळाचा जीव जातो. त्यापेक्षा निर्णय झाल्यावर एकच प्रश्न विचारा, 'तुला काय दिसलं म्हणून हे केलंस?' उत्तर ऐका आणि गप्प बसा. पुढच्या वेळी लॅपटॉप स्वतःकडे घ्या, तुम्ही खेळा आणि त्याला प्रश्न विचारू द्या. माझा भाचा मला असंच विचारत होता, आणि 'भाडं थकलं होतं' याच्या पलीकडे मला काही सांगता येत नव्हतं.

एका रात्री त्याने विचारलं, "मावशी, आई माझा फोन मी झोपल्यावर बघते. ती यातल्या कुठल्या गेममधली?" मला हसू आलं, मग आलं नाही. पोराची काळजी खरी असते. पण गुपचूप बघणारी आई आणि 'मी अधूनमधून फोन बघणार आहे' असं सांगून बघणारी आई, यात फरक आहे. मूल आपला फोन दाखवायला तयार आहे की नाही, यापेक्षा आपण बघितलं हे त्याला सांगायला आपण तयार आहोत का, हे आधी तपासा. सांगता येत नसेल तर वहीतला दुसरा रकाना उघडा.

मुलांना एक सीमारेषा मात्र स्पष्ट सांगा. चित्रातल्या खोलीत डोकावणं हा खेळ. खऱ्या माणसाच्या खोलीत डोकावणं हा गुन्हा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ नुसार एखाद्या स्त्रीला तिच्या खासगी क्षणी चोरून बघणं, तिचं चित्रण करणं किंवा ते पसरवणं याला पहिल्याच खेपेला एक ते तीन वर्षं कैद होऊ शकते. 'कॅमेरा उघडाच होता' ही सबब नाही. घरी बाळासाठी किंवा आजी-आजोबांसाठी कॅमेरा बसवला असेल, तर कंपनीने दिलेला पासवर्ड आजच बदला. २०१४ मध्ये एका संकेतस्थळावर जगभरातले असे हजारो कॅमेरे उघडे दिसत होते, आणि कारण बहुतेक ठिकाणी हेच होतं की पासवर्ड कुणी बदललाच नव्हता.

लॅपटॉप मिटल्यावर

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. पण सोसायटीच्या जिन्यात तो हक्क सांभाळायला न्यायाधीश येत नाहीत. तिथे कॅमेरा असतो, चित्रण बघणारा कुणीतरी असतो आणि व्हॉट्सॲपचा ग्रुप असतो. तुमच्या सोसायटीच्या पुढच्या सभेत तीन प्रश्न जरूर विचारा. चित्रण कोण बघू शकतं? किती दिवस ठेवतात? चोरी-अपघाताशिवाय ते बाहेर जाणार नाही, असं लेखी ठरलंय का?

हे प्रश्न मला उशिरा सुचले. गेम खेळण्याच्या आधी, आमच्या ग्रुपवर एक क्लिप आली होती. लिफ्टमधला कॅमेरा, रात्रीचे पावणेदोन. चौथ्या मजल्यावर भाड्याने राहणारी एक मुलगी, सोबत एक मुलगा, त्याच्या हातात मोठी बॅग. चाळीस सेकंद, आवाज नाही. खाली कुणी लिहिलं, 'सेक्रेटरींनी लक्ष घालावं.' कुणी लिहिलं, 'फॅमिली बिल्डिंग आहे ही.' वीस-पंचवीस जणांनी अंगठे दाखवले. महिन्याभरात त्या मुलीने जागा सोडली. त्या क्लिपमुळेच की आणखी कशामुळे, कळलं नाही. कुणी विचारलंही नाही.

'बिहोल्डर' संपल्यावर एका रात्री मी वहीचं कोरं पान काढलं आणि तीन रकाने आखले. पाहिलं: दोन माणसं, एक बॅग, लिफ्ट. लावलं: बाकी सगळं. किंमत: तिसऱ्या रकान्यात पेन टेकवून बराच वेळ बसले. मग फोन काढून ग्रुप मागे मागे सरकवत नेला. गेममध्ये शेवटी काहीतरी निकाल लागतो, आपल्यामुळे कुणाचं काय झालं याचा अंदाज येतो. इथे फक्त क्लिप होती, आणि तिच्याखालच्या अंगठ्यांत चौथा अंगठा माझा होता.